जपानी लेथ आणि ४१५ व्होल्टचा गाळा

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझा लहान गाळा असून तेथे ४१५ व्होल्टची थ्री फेज जोडणी आहे. जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याकडे जपानी लेथ पसंत पडले आहे. बेड आणि स्पिंडल उत्तम आहेत. मात्र मोटरच्या प्लेटवर ‘३.७ किलोवॅट, २०० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे कोरलेले आहे. व्यापारी म्हणतो, तेही थ्री फेज आणि आपलेही थ्री फेज, वायर जोडा आणि चालवा. आमचे वायरमन मोटर रिवाइंड करून (म्हणजे ४१५ व्होल्टसाठी नव्याने गुंडाळून) घ्या म्हणतात. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : व्यापाऱ्याचे मुळीच ऐकू नये आणि वायरमनचे अर्धेच ऐकावे. २०० व्होल्टच्या मोटरला ४१५ व्होल्ट दिले, तर फ्यूज किंवा ब्रेकर वेळेवर उडाला नाही की ती पाहता पाहता जळेल. ‘डेल्टा सोडून स्टार करू’, म्हणजे मोटरच्या आतली तीन गुंडाळ्यांची जोडणी बदलू, असेही कोणी सुचवील. मोटरच्या सहा वायरी बाहेर काढलेल्या असतील तर तसे करता येते, पण त्याने २०० चे ३४६ व्होल्ट होतात, ४१५ होत नाहीत.

वायरमनचा सल्ला मुख्य मोटरपुरता बरोबर आहे. अडचण अशी की त्या लेथवर २०० व्होल्टवर चालणारी ती एकटीच वस्तू नाही. कूलंटचा पंप बहुधा त्याच व्होल्टेजचा असतो, आणि पॅनेलमधला लहान ट्रान्सफॉर्मर २०० चे १०० व्होल्ट करून कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉइलला देत असतो. मी स्वतः एका जुन्या मिलिंग मशीनची मुख्य मोटर बदलून घेतली, पॅनेलला ४१५ व्होल्ट दिले आणि पंपाचे बटण दाबले. क्षणभर घरघर झाली, मग जळक्या वार्निशचा वास गाळाभर पसरला. पंपावरची प्लेट हिरव्या रंगाच्या आणि वाळलेल्या चिखलाच्या थराखाली होती. ती चाकूने खरवडून वाचली, तेव्हा तिच्यावर २०० आकडा निघाला. तो आधी वाचायला दोन मिनिटे पुरली असती.

आता ६० हर्ट्झविषयी. जपानमध्ये टोकियोकडचा पूर्व भाग ५० हर्ट्झवर आणि ओसाकाकडचा पश्चिम भाग ६० हर्ट्झवर चालतो, कारण १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्यामुळे अनेक जपानी प्लेटांवर २०० व्होल्ट ५० हर्ट्झ, २०० व्होल्ट ६० हर्ट्झ आणि २२० व्होल्ट ६० हर्ट्झ अशा तीन ओळी असतात. आपल्या प्लेटवर खरोखर एकच ओळ आहे का, की बाकीच्या रंगाखाली गेल्या आहेत, हे रॉकेलच्या बोळ्याने पुसून पाहावे. ५० हर्ट्झची ओळ निघाली, तर ४१५ चे २०० व्होल्ट करणारा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर बसवून पॅनेल आहे तसे चालवता येईल. मोटर पूर्ण भाराला साधारण १५ अँपिअर घेते, म्हणजे पाच केव्हीएच्या थोडे वर. पण सुरू होतानाचा झटका आणि पंप धरून दहा केव्हीएचा घ्यावा. एकच ओळ असेल, तर ट्रान्सफॉर्मर बनवून घेतानाच १७० व्होल्टचा टॅप (वेगळ्या व्होल्टेजचे जोडटोक) मागावा. वारंवारता ६० वरून ५० वर आली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरावे लागते, नाहीतर मोटरचा आणि कॉइलचा गाभा तापतो. या टॅपवर मोटरची ताकद सुमारे सहाव्या भागाने घटेल. स्पिंडलचा वेग तर कोणत्याही ट्रान्सफॉर्मरवर तितकाच कमी होईल, म्हणजे लेथच्या हेडस्टॉकवरच्या वेगाच्या तक्त्यात १८०० लिहिले असले तरी प्रत्यक्षात १५०० फेरे मिळतील. आट्यांच्या पिचला मात्र धक्का लागत नाही, कारण आटे पाडताना हत्यार सरकवणारा लीड स्क्रू गिअरने स्पिंडललाच बांधलेला असतो.

माझा स्वतःचा कल मोटर बदलण्याकडे आहे. ३.७ किलोवॅटची चार पोलची मोटर जपानी असो वा आपली, सामान्यतः ११२ एम फ्रेमची (ठरावीक मापाच्या सांगाड्याची) असते आणि शाफ्ट २८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे जुनी पुली बहुतेक वेळा जशीच्या तशी बसते. तरीही कॅलिपर लावून खात्री करावी. तिच्याबरोबर पंप बदलावा आणि कॉइलसाठी ४१५ चे १०० व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा. वेगही पूर्वीचाच हवा असेल, तर मुख्य मोटरला ड्राइव्ह (वारंवारता बदलणारे उपकरण) लावून ती ६० हर्ट्झवर चालवावी, पण त्या ड्राइव्हवरून पॅनेलला वीज देऊ नये. उलट-सुलट फिरवण्याच्या वायरी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर न्याव्यात.

सौदा ठरवण्याआधी व्यापाऱ्याकडून पॅनेलचे झाकण उघडून घ्या, प्रत्येक मोटरच्या प्लेटचा फोटो काढा आणि मोटर, पंप, ट्रान्सफॉर्मर व वायरमनची मजुरी यांचे कोटेशन हातात घेऊन मगच भाव बोला. ‘जोडा आणि चालवा’ यावर तो ठाम असेल, तर त्याच्याच गोदामात आपल्या ४१५ व्होल्टवर चालवून दाखवायला सांगा.