जुन्या होम कॉम्प्युटरवरचे गेम खेळायला कुठून सुरुवात करू? कॅसेटच्या भानगडीत पडावं का?

तुम्ही विचारलंय की स्पेक्ट्रमचे (सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला होम कॉम्प्युटर, त्याचे गेम साध्या ऑडिओ कॅसेटवरून लोड व्हायचे) गेम पहिल्यांदाच खेळायचे आहेत, तर खरं मशीन घ्यावं की एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, आणि कॅसेट टाळता येईल का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फ्यूज हा एम्युलेटर फुकट मिळतो, तो टाका, महिनाभर खेळा, मग मशीनवर पैसे घालायचे की नाही ते ठरवा. कॅसेट मात्र टाळू नका. ती बेभरवशाची, लाइट जरा डीम झाला की एरर देते, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसलो. हे खोटं आहे, आणि मी ते 35 वर्षांपासून माझ्या मोठ्या भावाला सांगतोय.

1990 च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव आर्वी तालुक्यात. पुण्याच्या मामाने स्वतःचा वापरलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस मला आणून दिला. पुण्यातल्याच डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन काढलेलं ते मशीन, मेमरी 48 के. सोबत पाच-सहा कॅसेटी, त्याही कॉपीच्या कॉपी. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि बाबांचा भजनं ऐकायचा टेपरेकॉर्डर. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या कडेला बाज टाकून मी बसायचो.

'जे' अक्षराचं बटण दाबलं की स्क्रीनवर 'लोड' उमटायचं, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेप चालू. पट्टे यायचे, आशा वाटायची, आणि दर वेळी तेच: आर टेप लोडिंग एरर. लोड होताना कडेला आधी लाल आणि आकाशी, मग पिवळे आणि निळे पट्टे येतात हे मला कित्येक वर्षांनी एम्युलेटरवर कळलं. आमच्याकडे सगळेच करडे.

भाऊ तेव्हा अमरावतीला कॉलेजात, सुट्टीत घरी आलेला. त्याने एका मिनिटात निकाल दिला, "लाइन डीम हाय. मोटारी सुरू झाल्या का बल्ब पाह्य कसा होते." बल्ब खरंच उदबत्तीच्या टोकासारखा व्हायचा. बाबांना पटलं. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचा चुकारा नुकताच आला होता, त्यातले पैसे घेऊन भाऊ शनिवारी आर्वीला स्टॅबिलायझर आणायला गेला.

तो गेला आणि मी आईच्या शिलाई मशीनचा बारीक पेचकस घेतला. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं की हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. एकाखाली स्प्रिंग असते, त्याने हेडचा कल बदलतो, तोच फिरवायचा. टेप चालू ठेवून, कान स्पीकरला लावून, मी तो केसाकेसाने फिरवत गेलो. आवाज आधी उशीखालून आल्यासारखा होता. पाव वळणाच्याही आत तो एकदम चरचरीत झाला. टेप मागे घेतली, पुन्हा लोड दिलं. पाच मिनिटांनी समोर मॅनिक मायनर हा गेम. विहिरींवरच्या मोटारी चालूच होत्या, बल्ब तसाच लाल होता. घरात मी एकटा.

संध्याकाळी स्टॅबिलायझर आला, लागला, गेम लोड झाला, आणि भाऊ म्हणाला, "पाह्य, म्हणत होतो ना!" मी दुपारचं सांगितलं तर कोणी ऐकेना. मग स्टॅबिलायझर चालू असतानाच मी स्क्रू पुन्हा जुन्या जागी नेऊन दाखवला. लगेच एरर. तर म्हणे, "चांगलं चालत होतं, कायले बोट लावलं बे त्याले?"

आता नीट सांगतो. स्पेक्ट्रमच्या टेपवर डाटाआधी पायलट टोन, म्हणजे डाटा येतोय हे मशीनला कळवणारा एकच सूर असतो, साधारण 807 हर्ट्झचा. डाटामध्ये एकचा सूर हजाराच्या थोडा वर आणि शून्याचा त्याच्या दुप्पट, म्हणजे 2,000 हर्ट्झच्या पुढे. कॅसेट एका डेकवर भरलेली आणि तुमचं हेड त्या डेकच्या मानाने तिरकं असेल तर आधी वरचे सूर मरतात. म्हणून पायलट बरोबर लागतो आणि डाटात एरर येते. आमच्याकडे नेमकं हेच व्हायचं. व्होल्टेज कमी पडून कॉम्प्युटर बसला असता तर तो रीसेट होऊन सिंक्लेअरच्या नावाची ओळ पुन्हा आली असती. एकदाही आली नाही.

तेव्हा तुम्ही एम्युलेटरवरसुद्धा टीझेडएक्स फाइल लावा, त्यात टेपचा पूर्ण सिग्नल असतो. पहिले दहा गेम झटपट लोड न करता पूर्ण वेळ देऊन लोड करा. त्या पाच मिनिटांत लोडिंगचं चित्र एकेक रेघ करत उतरताना ज्याने पाहिलं नाही, त्याने तो गेम अर्धाच पाहिला असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं मशीन घेतलंत तर पिन घालण्याआधी अडॅप्टर तपासा. 9 व्होल्ट, पण आतला भाग ऋण. बाजारातले बहुतेक उलटे असतात. खालच्या 16 के रॅमच्या चिपांना 5, 12 आणि उणे 5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात, त्यातलं उणे 5 गेलं की त्या चिपा मरतात. मोबाइलवरून मशीनच्या इअर सॉकेटमध्ये, म्हणजे टेपरेकॉर्डरची वायर लागते तिथे, आवाज देऊनही गेम लोड होतो. आवाज पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद.

आणि हो, स्क्रू फिरवण्याआधी त्याची मूळ जागा नेलपॉलिशने खूण करून ठेवा, नाहीतर गाण्यांच्या कॅसेटी बसक्या वाजतील. पेचकस चुंबकवाला नको. जुन्या रेकॉर्डरच्या आतला रबरी पट्टा चिकट झाला असेल तर आधी तो बदला. गावाकडे राहत असाल तर टीव्हीसाठी स्टॅबिलायझर जरूर लावा, त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

भावाच्या घरी तो स्टॅबिलायझर अजून भिंतीवर आहे. तुमच्याकडे कॅसेट एरर देत असेल तर एकदा स्टॅबिलायझर काढून, नुसता स्क्रू फिरवून बघा आणि काय झालं ते इथे लिहा. पोळ्याला गावी जाणार आहे, त्याला दाखवायचंय.