बाबांना एकटं बाहेर सोडायचं का?

अपघातातून उठलेल्या आईवडिलांची मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं. भांडुपच्या एका सूनबाईंनी तो फोनवर असा विचारला होता : “घरात ठेवलं तर चिडतात, सोडलं तर आमचा जीव टांगणीला. तुम्हीच काय ते सांगा.” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सासरे ७६ वर्षांचे, मूळचे मालवणकडचे, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. घर भांडुप पश्चिमेला, कोकणनगरच्या बाजूला. स्टेशनकडच्या बाजारातून मासे आणायचे तर एलबीएस मार्ग ओलांडावाच लागतो, आणि मासे काका स्वतःच आणणार. सुनेनं आणलेला बांगडा त्यांना आजवर कधी ताजा वाटलेला नाही. मेट्रो-४ च्या कामाचे पत्रे लागले तेव्हापासून त्या रस्त्यावर कुठून काय येईल याचा नेम नव्हता. पत्र्यांच्या कडेनं उलट्या दिशेनं आलेल्या बाइकनं काकांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी. बाइकवाला मुलगा थांबला, त्यानंच त्यांना रिक्षात घातलं. पळाला असता आणि गाडीचा पत्ता लागला नसता, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदीनुसार अशा गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई मिळते, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख. बऱ्याच घरांना हे ठाऊक नसतं म्हणून जाता जाता सांगितलं.

हाड जुळलं. फिजिओथेरपिस्टनं चालायला मोकळीक दिली. तरी काका बिल्डिंगच्या गेटपलीकडे जाईनात. कधी पाय दुखतोय, कधी ऊन आहे, कधी कंटाळा आलाय. सून चक्रावली होती ती यानं : आपणहून बाहेर पडत नाहीत, आणि “नका जाऊ” म्हटलं की भडकतात.

आपल्याकडच्या या वयाच्या पुरुषांच्या तोंडून ‘भीती वाटते’ हे मी फार क्वचित ऐकलं आहे. त्यांचा गुडघा दुखतो, पोट बिघडतं, ऊन लागतं. पहिल्या भेटीत रस्त्याचा विषय काढला तर काका म्हणाले, “माका रस्तो कोण शिकवतलो?” शेजारी बसलेला मुलगा पुटपुटला, “तरी बघून चालता आलं नाही.” त्यानंतर काका जे गप्प झाले ते शेवटपर्यंत.

मला विचाराल तर हाडापेक्षा हे वाक्य जास्त लागलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून जे काही पोटात गोळा झालं होतं ते त्याच्याकडून टोमण्यातूनच बाहेर पडत होतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत माया अशीच खेकसत असते. पण उभा जन्म बस चालवलेल्या माणसाला ‘तुम्हाला रस्ता कळला नाही’ असं चहाच्या कपासोबत रोज ऐकवलं, तर तो गेटपाशीच थांबणार.

पुढच्या वेळी काकांना एकट्यालाच बोलावलं. त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, ड्रायव्हरच्या नजरेनं मला ती जागा काढून दाखवा. त्यांनी दुभाजक काढला, पत्रे काढले, स्वतःसाठी एक फुली मारली. फूटपाथच्या कडेला उभं राहिलं की आपल्या बाजूची वाहनं उजवीकडून येतात, म्हणून उजवीकडे बाण काढला. “इकडं बघितलं. मोकळं होतं. पाऊल टाकलं.” बाइक आली डावीकडून. दुसरा बाण काढताना पेन कागदात रुतलं. “तिकडनं यायलाच नको होती ती.” खरंच नको होती. काकांनी बघितलं होतं, आणि नियमानं जिकडे बघायचं तिकडेच बघितलं होतं. हा कागद मुलाला दाखवू का, असं विचारलं. आधी नको म्हणाले, मग निघताना दारातून म्हणाले, दाखवा. मुलाचे टोमणे त्यानंतर लगेच थांबले असं नाही, पण ते वाक्य मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.

तरीही काकांची सध्याची चाल त्या रस्त्याला पुरत नव्हती, आणि हे त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. कॉरिडॉरमध्ये दहा मीटर मोजून त्यांना चालायला सांगितलं. १४ सेकंद लागले. पादचारी सिग्नलचा हिशोब साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीवर करायची पद्धत आहे. म्हणजे २० मीटर रुंद रस्त्याला १७ सेकंद. काकांना लागणार २८. उरलेले ११ सेकंद ते सुटलेल्या गाड्यांसमोर. आकडे बघून ते म्हणाले, “म्हणजे आम्हाला धरलंच नाही यांनी.” या वाक्यात राग होता आणि तो मला बरा वाटला, तोवर सगळा राग ते स्वतःवरच काढत होते.

वयानुसार आणखीही काही बदलतं. समोरून येणारी गाडी किती लांब आहे हे दिसतं, पण ती किती वेगात आहे याचा अंदाज चुकतो. चष्म्याच्या खालच्या भागातली भिंगं जवळचं वाचायला असतात, त्यातून फूटपाथची पायरी धूसर दिसते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीनं उठल्याउठल्या तोल जातो. हे माझ्या हातातलं नाही, म्हणून गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे आणि डोळे तपासायला मी त्यांना पाठवलंच.

मुलाला आणि सुनेला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. घरात बसवणं सुरक्षित वाटतं, पण तसं ते नाही. चालणं थांबलं की मांड्यांची ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो, आणि मग माणूस बाथरूममध्ये पडतो. तेव्हा सोडायचं की नाही यावर वाद घालू नका. कुठून जायचं, किती वाजता, आणि परत कसं यायचं, हे ठरवा. तेही काकांना बाजूला बसवून नव्हे, त्यांनाच विचारून.

सुरुवातीला रस्ता ओलांडायचाच नव्हता. मुलासोबत अकराच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, एलबीएस मार्गाच्या कडेला जाऊन नुसतं उभं राहायचं. हॉर्न वाजला की काकांचा खांदा उडायचा, काठीवरची मूठ आवळायची. अशा वेळी “चला, घरी जाऊ” म्हणणं दयाळूपणाचं वाटतं, पण भीती शिगेला असताना माघारी फिरलं की पुढच्या खेपेला ती वाढूनच येते. मूठ सैल होईपर्यंत थांबायचं आणि मगच फिरायचं, एवढंच मुलाला सांगितलं होतं. दंड धरून ओढायचं नाही. काकांना हवं तर त्यांनी त्याचा हात धरावा.

काठीवरून अडलं होतं. काकांना ती म्हातारपणाची पाटी वाटायची आणि ते ती कोपऱ्यात ठेवून निघायचे. मी विचारलं, बस चालवताना पुढे काठीवाला दिसला की काय करायचात? “पाय ब्रेकवर न्यायचो.” मग स्वतःच हसले. आता काठीला खालपर्यंत चमकणारी पट्टी लावली आहे, नातवानं.

सिग्नलचा नियमही त्यांनीच घातला : हिरवा आधीपासून चालू असेल तर निघायचं नाही, तो जाऊ द्यायचा, पुढचा लागला की पहिल्या सेकंदाला पाय उचलायचा आणि दुभाजकावर थांबायचं. उरलेला अर्धा रस्ता त्यापुढच्या हिरव्यावर. मधल्या फटीतून जायचं नाही, थोडं चालावं लागलं तरी चालेल. जाताना दोन्हीकडे बघायचं, एकेरी वाहतूक असली तरी. येताना हातात पिशवी असते, म्हणून रिक्षा. रिक्षाच्या पैशांवरून थोडं वाजलं, पण सुनेनं तो मुद्दा सोडला नाही. बाजारात पोहोचल्यावर ते एक मिस्ड कॉल देतात. त्यावर उलट फोन करायचा नाही, हे सुनेनं कबूल केलंय आणि बहुतेक वेळा पाळतेही.

काकांचं एवढ्यावर भागलं. पण अपघाताला महिना उलटूनही तोच प्रसंग स्वप्नात येत असेल, झोप उडाली असेल, रस्त्याचं नाव काढताच छातीत धडधडत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

काका आता सकाळचे मासे आणतात. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, ते अजून एकटे रस्ता ओलांडत नाहीत. समोरून हेडलाइट आला की अंतरच कळत नाही म्हणतात. मी त्यासाठी आग्रह धरलेला नाही, मुलालाही धरू दिलेला नाही.