सांगलीत घर घेताना एजंट कसा पारखावा

प्रिय मित्रा,

घरं बघत फिरण्याआधी एजंट पारखून घे. बहुतेक व्यवहारांत तो दोन्हीकडून दलाली घेतो, म्हणजे घरमालकाचाही तो माणूस असतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, पण पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, "समोरच्याकडून किती घेताय?" उत्तराला फाटे फोडणाऱ्याकडे परत जाऊ नकोस.

नव्या स्कीममधला फ्लॅट असेल तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्याकडची नोंदणी बघ. एजंटाचा क्रमांक 'ए'ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही महारेराच्या साइटवर स्वतः तपास. एजंटाची नोंदणी ५ वर्षांचीच असते, तेव्हा मुदतही बघ. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा ८ फ्लॅटपर्यंतची स्कीम, तसंच जुन्या फ्लॅटची फेरविक्री, यांना ही नोंदणी लागत नाही. तिथे एजंटाची परीक्षा तुलाच घ्यावी लागणार.

सांगलीत पहिला प्रश्न पुराचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या वर्षी या गल्लीत पाणी किती होतं, २०२१ मध्ये किती, जागा निळ्या पूररेषेत येते की लाल (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा), हे जाणकार एजंट न अडखळता सांगतो. "इथं पाणी येतच नाही" असं ऐकलंस तर पार्किंगमध्ये जा. लाइटचे मीटर डोक्याच्या वर नेऊन बसवलेले दिसले तर काय ते समजून घे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही विचार; त्याला तुझ्या व्यवहारात कमिशन नाही.

दुसरा प्रश्न गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटचा. शामरावनगरसारख्या भागात तो विचारायलाच हवा. "नियमित होऊन जाईल" याचा अर्थ अजून झालेलं नाही, आणि कर्जाच्या वेळी बँक नेमकी तिथेच अडते. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन वाच. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्रही (राहायला वापरण्याची परवानगी) माग.

भावाच्या बाबतीत एजंटाच्या शब्दावर राहू नकोस. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या दोन-तीन विक्रींचे इंडेक्स दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, काढ. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. खरेदीखतात दाखवलेली किंमत म्हणजे मोबदला, सरकारी दराने काढलेली किंमत म्हणजे बाजारभाव. रोखीचा भाग त्यात दिसत नाही, तरी अंदाज येतो.

दलाली आधीच कागदावर लिहून घे. ४५ लाखांच्या फ्लॅटवर १ टक्का म्हणजे ४५ हजार, २ टक्के म्हणजे ९० हजार. एजंट जीएसटीत असेल तर वर १८ टक्के. अर्धी साठेखताला (विक्रीच्या आधीच्या कराराला), अर्धी खरेदीखताला, असं ठरव. सगळी आधी दिलीस की फोन उचलणं बंद होतं.

टोकन एजंटाच्या हातात रोख देऊ नकोस. मालकाच्या नावाने चेक दे आणि इसार पावतीत (टोकनच्या पावतीत) लिहून घे: कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीहक्कात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. ही ओळ घालायला एजंट कुरकुरला तर तिथेच थांब.

वकील त्याने सुचवलेला नको. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची तपासणी, आपल्या वकिलाकडूनच करून घे, आणि तो हातात येईपर्यंत साठेखताची तारीख ठरवू नकोस.

कळावे.