पेसमेकर आणि फोन: एसएआरचा आकडा इथे पुरत नाही

आईला पेसमेकर बसवला आहे, तेव्हा ०.६ आणि १.१८ एसएआर (फोनच्या लहरींतून शरीर किती ऊर्जा शोषते याचे माप) असलेल्या दोन फोनांपैकी कमी आकड्याचा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मीही याच प्रश्नाशी झगडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे माझ्या म्हणण्याच्या वर समजावे.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून हँडसेटला असलेली १.६ वॅट प्रतिकिलो ही एसएआरची मर्यादा, १ ग्रॅम ऊतीत शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची सरासरी काढून, ऊती तापण्याच्या धोक्याचा विचार करून ठरवलेली आहे. पेसमेकरचा धोका निराळा आहे. फोनमधील चुंबक अगदी जवळ आले, तर अनेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न जुमानता ठरावीक गतीने चालू लागतात, आणि आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास हृदयाला विजेचा झटका देणारे, शरीरात बसवलेले यंत्र) गरजेच्या वेळी झटका देणे थांबवू शकतो. एसएआर कितीही कमी असला तरी त्यातून याविषयी काहीच कळत नाही.

नेमके हेच आम्हाला कोणी सांगितले नाही. एका कंपनीच्या सेवा केंद्रात मी पेसमेकरचा स्पष्ट उल्लेख करून विचारले, तेव्हा "एसएआर मर्यादेत आहे, म्हणजे फोन सुरक्षित आहे" एवढेच उत्तर मिळाले, आणि लेखी विचारल्यावरही तेच वाक्य परत आले. त्या भरवशावर वडील फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात, थेट यंत्रावर ठेवत राहिले. पुढे तपासणीच्या वेळी तंत्रज्ञांनी ते पाहिले आणि तिथल्या तिथे फोन बाहेर काढायला लावला. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याने तसे सांगावे. रुग्णाच्या घरच्यांना चुकीचा दिलासा देणे मला अक्षम्य वाटते.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की आकड्यांची तुलना सोडून अंतर पाळा. फोन यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा आणि पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. वायरलेस चार्जिंग चालू असताना ॲपल ३० सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवायला सांगते. चुंबकाने बंद होणारे फोनचे कव्हर तर घेऊच नका.

एसएआरची काळजी तरीही वाटत असेल, तर रेंज कमी असलेल्या जागी लांब बोलणे टाळावे, कारण तिथे फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. "किरणे अडवणारे" स्टिकर मात्र विकत घेऊ नयेत. अँटेना झाकला गेला तर फोन उलट शक्ती वाढवू शकतो. रुग्णालयाने दिलेल्या पेसमेकरच्या कार्डावर मॉडेल क्रमांक असतो, तो पुढील तपासणीला दाखवून त्या यंत्रासाठीचे अंतर विचारून घ्या.