असली पुस्तकं वाचून ती आणखी खचेल का?

"मॅडम, ही सारखी तीच जपानी पुस्तकं वाचते. त्यात वर्गातली मुलं एकाला धरून छळतात, मारतात. हिच्या डोक्यात भलतंसलतं काही आलं तर?" पुण्यातल्या एका आईची ही काळजी माझ्याकडे येणारे बरेच पालक बोलून दाखवतात. तिची मुलगी नववीत, जपानीच्या क्लासला जाणारी, बोलताना अडखळणारी आणि त्यावरून वर्गातल्या काही मुलींचा त्रास सोसणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तिच्या हातातलं पुस्तक होतं जपानी लेखिका मिएको कावाकामी यांची 2009 सालची कादंबरी ‘हेवन’. त्यातला 14 वर्षांचा मुलगा तिरळा आहे. आपल्याला छळतात ते डोळ्यामुळेच, असं तो धरून चाललाय. त्याच्या वर्गातली कोजिमा अस्वच्छ राहते म्हणून तिचाही छळ होतो. पण ती मुद्दाम तशी राहते, गरिबीत दिवस काढणाऱ्या वडिलांची खूण म्हणून. सोसण्यातच तिला अर्थ सापडलाय. त्याचा डोळाही तिला अशीच खूण वाटतो. म्हणून तो शस्त्रक्रियेचं बोलतो तेव्हा ती दुखावते. छळणाऱ्या टोळीतला मोमोसे मात्र त्याला थंडपणे ऐकवतो, की डोळ्याचा काही संबंध नाही, तू समोर सापडलास इतकंच.

मोमोसे क्रूर आहे. तरी "खोट माझ्यातच आहे" हे मनात घट्ट बसलेल्या मुलांशी बोलताना मला त्याच्या बोलण्याचा फार उपयोग होतो.

मी मुलीला विचारलं, "यातलं कोण तुझ्यासारखं वाटतं?"

"कोजिमा." बऱ्याच वेळानं म्हणाली, "स्पीच थेरपी घेतली तर त्या मुली जिंकल्या असं होईल."

आईला वाटत होतं, ती कंटाळा करते म्हणून थेरपी टाळते!

शेवटी तो मुलगा शस्त्रक्रिया करून घेतो. त्यावर आम्ही खूप बोललो. "त्याचं बरोबरच आहे, पण कोजिमाला कुणीतरी सांभाळायला हवं होतं," ती म्हणाली. मला ते अगदी पटलं.

आईला सांगितलं, पुस्तक काढून घेऊ नका, स्वतः वाचा आणि तिच्याशी बोला. मात्र झोप-जेवण तुटलं, मरणाचं बोलणं आलं, तर एक दिवसही न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मिझुकी त्सुजिमुरा यांची ‘लोनली कॅसल इन द मिरर’ही सुचवली. त्यातली कोकोरो पोटदुखीचं कारण सांगून घरी राहते आणि पुढे तिची आई तिच्या बाजूनं उभी राहते.

या आईनंही मग शाळेला लेखी तक्रार दिली. थेरपीचं मुलीनं अजून ठरवलेलं नाही, आणि घरातही कुणी तिला घाई करत नाही.