राखीव सेंटरला किती मिनिटे द्यावीत?

बास्केटबॉलच्या बाद फेरीपूर्वी दोन राखीव सेंटरपैकी (म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या, बहुधा उंच खेळाडूंपैकी) कोणाला किती खेळवावे, हा प्रश्न आपल्याला प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात पडला, हे चांगलेच झाले. सामना 10 मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. मुख्य सेंटर 28 मिनिटे खेळला, तर उरलेली 12 मिनिटे दोघांत सारखी वाटण्याची चूक नवे प्रशिक्षक हमखास करतात आणि मग एकाचाही जम बसत नाही. साखळी सामन्यांतच एकाची निवड करावी. मुख्य सेंटर किंवा निवडलेला राखीव यांचे फाउल वाढले, तरच दुसऱ्याला उतरवावे. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होतो, म्हणून पहिल्या सत्रात मुख्य सेंटरचे दोन फाउल झाले की त्याला बसवावे.

निवडीत मिळवलेल्या गुणांपेक्षा एवढेच पाहावे:
- शॉट सुटताच तो प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवतो का?
- बचावासाठी धावत परततो का?

माझ्या संघातील उंच मुलगा चेंडूकडे पाहत उभा राही आणि त्याच्याहून बुटका मुलगा कंबरेने रेटून रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत येणारा चेंडू) मिळवी. मी मात्र महिनाभर उंचीलाच भुललो होतो. पुण्यातील उघड्या सिमेंटच्या कोर्टवर, विशेषतः एप्रिलच्या उन्हात, धिप्पाड मुले लवकर दमतात, तेव्हा चार-चार मिनिटांनी बदली करावी. ठरलेली मिनिटे मात्र दोघांनाही सामन्याच्या आदल्या दिवशीच सांगावीत.