आजोबांची पेटी, कपाटातला कीबोर्ड

पत्र : माझा मुलगा नववीत आहे. आजोबांबरोबर भजनी मंडळात जाता जाता पेटी शिकला. मग मोबाइलवर बघून कीबोर्ड, मंडळातल्या काकांकडून थोडा पखवाज, आणि आता गिटार हवी म्हणतो. सहामाहीत ८६ टक्क्यांवरून ७४ वर आला. ह्यांनी कीबोर्ड कपाटात घालून कुलूप लावलं. मे महिन्यात तर एक सूर वाजत नाही म्हणून त्यानं आजोबांची पेटीच खोलली, दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी त्याच पेटीवर भजन झालं म्हणून ह्यांचा मार वाचला. संगीतात करिअर होतं का? की सायन्सला घालून हे खूळ आता बंदच करावं? — एक आई, तासगाव तालुका

ताई, नमस्कार.

टक्क्यांबद्दल तुम्ही मनापासून लिहिलंय आणि पेटी खोलल्याचं तक्रार म्हणून. मी मात्र तिथंच अडकलो. पेटीचा सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. तिच्यात धुळीचा कण अडकला की ती गप्प बसते. कण काढताना हात जड पडला तर सूर हलतो. जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. हे काम तुमच्या लेकानं कुणी न शिकवता, उपाशीपोटी केलं आणि संध्याकाळी मंडळ त्याच पेटीवर गायलं. गाण्याची आवड सांगणारी मुलं माझ्याकडे आठवड्याला येतात. त्यातल्या कंटाळवाण्या कामाला दिवसभर चिकटून बसलेलं पोर फार क्वचित.

म्हणून ‘करिअर होतं का’ या प्रश्नाआधी एक सांगतो. चौदाव्या वर्षी करिअर ठरवायचं नसतं. आत्ता ठरवायचंय ते एवढंच, की त्याला शिकवणार कोण आणि रोज किती वेळ.

चार वाद्यांना एकदम हात घालतोय याची काळजी करू नका, या वयात ते साहजिक आहे. पण गुरुजींकडे जाऊन शिकायचं वाद्य एकच ठेवा. माझं मत विचाराल तर पेटी, कारण हात आधीच बसलाय आणि कान भजनात तयार झालाय. गिटार वर्षभर थांबू शकते. मोबाइलवर शिकलेल्या मुलांची एक खोड असते : पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’, बदलायची वेळ आली की कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. त्याला रोजचा अभंग काळी चारऐवजी पांढरी तीनमध्ये वाजवायला सांगा, बटण न दाबता. गडबडला तर गुरुजींची गरज का आहे ते त्यालाच कळेल. क्लास बघताना शिक्षकाच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजू नका. त्यांच्याकडे चार वर्षं शिकलेलं एखादं मूल वाजवताना ऐका.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जरूर द्याव्यात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत, त्यापुढे अलंकार. शिस्त लागते, सिद्धान्त कळतो. मात्र दहावीला मिळणाऱ्या कलेच्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून घाई करू नका. त्यासाठी एकाहून जास्त परीक्षा आधीच पास असाव्या लागतात. तुमच्यासाठी ती एसटी गेली.

आता सायन्सचं. इथे मी मुलाच्या वडिलांच्या बाजूनं थोडा बोलणार आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम आहे. तिथे पदवी कोणतीही चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र लागतं. वाद्य उघडून आत बघणाऱ्या मुलासाठी हे दार बंद करणं मला पटत नाही. उलट, सायन्सनं बारावी केली तरी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी करता येते. तिथे शाखेपेक्षा तुम्ही काय वाजवता ते बघतात. म्हणजे अकरावीला सायन्स घेतलं म्हणून संगीत सुटलं असं होत नाही. फक्त एक अट : अकरावी-बारावीत रोजचा तासभर रियाज कुणी काढून घ्यायचा नाही. आणि त्याला गणित-भौतिकशास्त्र झेपत नसेल, तर केवळ या एका दारापायी सायन्सचा हट्ट धरू नका.

शास्त्रीय गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांचं उदाहरण वडील देतील, म्हणून मीच आधी देतो. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, मग जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट, आणि गाणं आपण सगळे ऐकतोच. ‘बघ, आधी शिक्षण!’ असं म्हणणं सोपं आहे. पण आई माणिक भिडे याच त्यांच्या गुरू होत्या. त्या घरातला तानपुरा काही कुलपात नव्हता.

पैशाचं गोड बोलून चालणार नाही. बहुतेक वादकांचा महिना शिकवण्यांवर निघतो. मैफलीचं आणि साथीचं मानधन वर पडतं. गणपती आणि दिवाळी पहाटेच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, पितृपक्षात फोन वाजत नाही. स्टुडिओतलं काम, शाळेतली संगीत शिक्षकाची नोकरी, वाद्यांची दुरुस्ती असं दोन-तीन ठिकाणचं मिळून घर चालतं. नुसत्या मैफलींवर जगणारे बोटांवर मोजण्याइतके. हे मुलाला आत्ताच सांगा, घाबरवायला म्हणून नाही, हिशेब म्हणून.

आणि मिरज तुमच्यापासून किती लांब आहे हो? तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याचे तानपुरे आणि सतारी बनतात. एकोणिसाव्या शतकापासूनचा हा धंदा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन जा. वडिलांनीच न्यावं, तुम्ही नाही. कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून तिच्यातून गुंजारव काढताना बघायला मिळालं तर नशीब. मुलगा दहा मिनिटांत कंटाळला तर तेही कळेल. तासभर हलला नाही, तर घरी येऊन मग बोला.

कीबोर्ड उद्याच बाहेर काढा. मी स्वतः तबला आठवीत सोडला, अभ्यासाचं निमित्त करून. त्यानंतर मार्क वाढले नाहीत. रिकाम्या वेळात क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसायचो, एवढाच फरक. ७४ चं काय करायचं ते वेगळं बघावं लागेल. कोणत्या विषयात किती गेले ते तुम्ही कळवलेलं नाही. दोन विषयांतच घसरला असेल तर दोष पेटीचा नाही, शिकवणी बदलावी लागेल. सगळ्याच विषयांत थोडे थोडे गेले असतील तर झोप किती होते ते आधी विचारा. रात्री दीडला हेडफोन लावून बसत असेल, तर कुलूप लावायचंच असेल ते मोबाइलला लावा.

पुढच्या पत्रात विषयवार मार्क लिहा. आणि पेटीचा अडकलेला सूर कोणता होता, मध्यम का निषाद, ते त्यालाच लिहू द्या.